खांबाचा घोटा

मुलुंड पूर्व
९ नोव्हेंबर २०२४

अनिरुद्ध,

तुझ्या मुलाचं आमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा, आत तुझा फोटो. फोटो आजारपणाच्या आधीचा घेतलाय, ते शहाणपणाचं झालं. ‘भूकंपरोधक पुलांच्या क्षेत्रातील चार दशकांच्या योगदानाबद्दल कृतज्ञता सोहळा.’ अंधेरीत, वातानुकूलित हॉल, नंतर अल्पोपाहार. माझ्या नावापुढे ‘माजी कर्मचारी’ असं छापलंय, आणि खाली सुशांतनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘मॅडम, बाबांच्या दोन मिनिटं आठवणी सांगाल का? हलक्याफुलक्या.’

मी शोधल्या. साकीनाक्याला लेथच्या कारखान्यावरचा पोटमाळा आपण दोघांनी मिळून भाड्यानं घेतला होता. खाली लेथ सुरू झालं की वर आपली टेबलं थरथरायची, आणि तू म्हणायचास, आपल्या धंद्याला जागा योग्य आहे. पाटी रंगवणारा आला. तू त्याला सांगितलंस, ‘परुळेकर अँड असोसिएट्स’. मी विचारलं, असोसिएट्स कोण? तू म्हणालास, ‘तू, आणखी कोण.’ म्हणजे मी एकटीच, पण अनेकवचनात. ही आठवण हलकी आहे. फुलकी आहे का ते सुशांतला विचार.

विचारता येणार नाही तुला, विसरलेच. राधानं फोनवर सगळं सांगितलं. उजवी बाजू गेली, अक्षरं ओळखू येईनाशी झाली, आणि तोंडात एकच शब्द राहिला, ‘बरोबर’. चहा देऊ का, बरोबर. उशी काढू का, बरोबर. डॉक्टर म्हणतात, समजतं मात्र सगळं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. नाहीतर हा कागद कशाला खर्च केला असता?

माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर तू लाल पेन्सिलीनं हाच शब्द लिहायचास आणि खाली सही ठोकायचास. आत काय आहे ते वाचायला तुला वेळ नसायचा, तुला क्लायंटबरोबर जेवायला जायचं असायचं. आजारानं तुझ्यातलं नेमकं तेवढंच शिल्लक ठेवलं.

राधा, मोठ्यानं वाचतेयस ना? त्याचा डावा कान चांगला आहे, त्या बाजूला बस.

येईन मी समारंभाला. दोन मिनिटं पुष्कळ झाली.

संघमित्रा तायडे
माजी कर्मचारी


मुलुंड पूर्व
२५ नोव्हेंबर २०२४

अनिरुद्ध,

काल तुला चाकांच्या खुर्चीतून व्यासपीठावर चढवताना खुर्ची अडकली, आणि दोघांनी तुला मागून उचललं. चढाचा उतार चुकला होता. तुझ्याच ऑफिसच्या पोरांनी केला असणार. मग शाल. मग मांडीवर नारळ, तो घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आला आणि माझ्या चपलेला लागून थांबला. मी उचलला नाही.

माझ्या दोन मिनिटांत मी सांगितलं की तू ऑफिसात नेहमी वेळेवर यायचास. टाळ्या पडल्या.

त्यानंतर तुझा मुलगा बोलायला उभा राहिला, आणि तिथून मी नीट ऐकायला लागले. मिठागरावरच्या पुलाचं रुंदीकरण परुळेकरांकडे आलंय. दोन्ही बाजूंना एकेक लेन वाढवायची, आणि जादा भार पेलण्यासाठी जुन्याच खांबांना भोवतीनं काँक्रीटचं जाड वेष्टण घालायचं. पडद्यावर खांबाचं चित्र आलं, पायथ्याशी लाल वर्तुळ. सुशांत म्हणाला, ‘इथं मूळ डिझाइनमध्ये कमजोरी राहून गेलीये. बाबांच्या काळात आजची सॉफ्टवेअर नव्हती. आता आपण ती दुरुस्त करतोय.’

तुला शाल पांघरून, शेजारी बसवून, भर सभेत त्यानं तुझी चूक सांगितली. आणि तू म्हणालास, ‘बरोबर.’ लोक प्रेमानं हसले.

ती कमजोरी नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्या हॉलमध्ये तिसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. भूजच्या भूकंपानंतर मी तिथं जाऊन पडलेले आणि न पडलेले खांब बघत हिंडले होते. तू नव्हतास, तुझ्या मेव्हण्याचं लग्न होतं. परत आल्यावर मी तुला सांगितलं, जमीन एवढी हलली की पूल कुठेतरी मोडणारच. कुठे मोडायचं ते आपण आधी ठरवू. खांबाच्या पायथ्याशी मोडू दे, जमिनीच्या वर, उजेडात. तिथं माणूस उभा राहून भेग बघू शकतो, भरून काढू शकतो. खाली मिठागराच्या चिखलात खोल रोवलेले जे पायाचे पाइल आहेत त्यांना काही होता कामा नये, कारण ते मोडले तर कुणाला दिसणारही नाहीत. म्हणून मी पायथा मुद्दाम मऊ ठेवला. सळ्या मोजून कमी, भोवतीच्या रिंगा मात्र दाट, म्हणजे खांब वाकेल पण फुटणार नाही. मी त्याला घोटा म्हणायची. माणूस ठेचकाळला की घोटा मुरगळतो, म्हणून मांडी वाचते.

आता तुझा मुलगा घोट्यावर प्लास्टर चढवतोय. घोटा हलला नाही की सगळा हिसका खाली पाइलवर जाईल. वरून पूल ठणठणीत दिसेल. आणि वर रोज बसगाड्या, शाळेच्या व्हॅन, ऐरोलीकडे जाणारे सगळे.

अल्पोपाहाराच्या वेळी एक मुलगी माझ्याकडे आली. चेतना नाव, ड्रॉइंग तिनंच केलीत. म्हणाली, ‘मॅडम, सर म्हणाले तुम्हाला विचार, काही सजेशन आहे का?’

‘अक्षरं मोठी करा,’ मी म्हटलं. ‘मागच्या रांगांना दिसत नव्हतं.’

तिनं लिहून घेतलं.

तुला हे सगळं सुशांतला सांगता येत नाही. मला येतं. सांगेन, एका अटीवर. हा पूल संघमित्रा तायडेनं डिझाइन केला, असं परुळेकरांच्या छापील कागदावर, सुशांतच्या सहीनं मला हवं. तोवर त्याला प्लास्टर कालवत बसू दे. जानेवारीत त्याला तपासणी समितीपुढे उभं राहायचंय.

संघमित्रा


मुलुंड पूर्व
१४ डिसेंबर २०२४

अनिरुद्ध,

राधा येऊन गेली. बोरिवलीहून रिक्षा करून आली, लिफ्ट बंद होती, चार मजले चढली, आणि दारातच म्हणाली, ‘मित्रा, तुला लाज कशी नाही गं वाटत? आजारी माणसाला असली पत्रं लिहितेस?’

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, ‘आजारी तो आहे. पूल चांगला होता, त्याला तुझा मुलगा आजारी पाडतोय.’

‘मग सांग ना त्याला काय ते. सोनं मागतोय का आम्ही?’

‘मी तरी कुठं सोनं मागतेय? नाव मागतेय.’

‘या वयात काय करायचंय तुला नाव घेऊन?’

‘तुझ्या नवऱ्याला याच वयात शाल घातली. त्याला विचारलंस का, काय करायचीय?’

ती सोफ्यावर बसली. म्हणाली, ‘मी विचारलं त्यांना. म्हटलं, मिठागरावरचा पूल मित्राचा का? म्हणाले, बरोबर.’

‘मग विचारायचं होतंस, तुमचा का?’

‘विचारलं. तेही बरोबर.’

आणि आम्ही दोघी हसलो, अनिरुद्ध. तुला आवडणार नाही, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिचं पाणी नंतरही थांबलं नाही. मी आत जाऊन कुकर लावला.

मग मी तिला सांगितलं, जे तू तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नसणार. ड्रॉइंग द्यायच्या आदल्या दिवशी मी डिझायनरच्या रकान्यात माझं नाव लिहिलं होतं. तू ते ब्लेडनं खरवडलंस. माझ्यासमोर, चहा पिता पिता. म्हणालास, ‘हे बघ मित्रा, रागावू नकोस. तायडे वाचलं की ते शंभर प्रश्न विचारतील. परुळेकर वाचलं की पुढच्या पानावर जातील. आपल्याला काम हवंय ना?’ आणि वर हसून म्हणालास, ‘इंग्रजी तुझ्या नन्सचं, सही माझी. झकास जोडी आहे.’

अकोल्याहून आलेला माझा बाप घाटकोपरच्या कॉन्व्हेंटच्या फाटकाशी तासन् तास उभा राहिला होता, मला आत घ्यावं म्हणून. त्यानं ते तुझ्या जोडीसाठी केलं नव्हतं.

राधा म्हणाली, ‘तेव्हा असेल तसं. आता तसं काही नसतं गं.’

‘तसं काही नसतं असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही,’ मी म्हटलं. ‘हे वाक्य नेहमी तुमच्याच घरातून येतं.’

ती उठली. जाताना दारात म्हणाली, ‘सुशांतला पाठवते. पण त्याला टाकून बोलू नकोस. लहानपणी तुझ्या मांडीवर झोपायचा तो.’

झोपायचा. जड होता.

संघमित्रा


मुलुंड पूर्व
११ जानेवारी २०२५

अनिरुद्ध,

तुझा मुलगा आज आला, चेतनाला घेऊन. लहानपणी मित्रामावशी म्हणायचा, समारंभात मॅडम म्हणाला, आज पुन्हा मावशी झाले. त्यावरूनच मला कळलं की बाजू पडलेली आहे.

सुरुवात त्यानं ऐटीत केली. ‘मावशी, मी मॉडेल तीनदा रन केलंय. खांब पासच होतोय.’

‘खांब होईल रे पास. खालचं कुणी बघितलं?’

‘खालचे पाइल जुन्या भाराला ओके आहेत.’

‘कुठल्या खांबाबरोबर ओके आहेत? माझ्या की तुझ्या?’

चेतनानं मान खाली घातली. ती पोरगी हुशार आहे, तिला आधीच शंका आली होती, पण सरांना कोण सांगणार. मी ओळखते ते गप्प बसणं.

मग देवाणघेवाण सुरू झाली. स्मरणिकेत तुमच्यावर एक पान देतो. नाही. सल्लागार म्हणून बोर्डावर नाव घालतो. नाही. ‘बाबांबरोबर सहकार्य’ असं लिहू का? मी म्हटलं, ‘लिही की, पण मग मी दार उघडते, खाली उतरा.’ शेवटी त्यानं चेतनाला गाडीतून लेटरहेड आणायला लावलं. मी सांगितलं, त्यानं लिहिलं. ‘मिठागर पुलाचे संपूर्ण संरचनात्मक डिझाइन श्रीमती संघमित्रा तायडे यांचे असून माझे वडील श्री. अनिरुद्ध परुळेकर यांनी त्यावर केवळ सही केली.’ ‘केवळ’वर तो अडला. मी थांबले. त्यानं लिहिलं. मी त्याला ते उभं राहून मोठ्यानं वाचायला लावलं. तुझ्या मुलाचा आवाज चांगला आहे, तुझ्यापेक्षा.

सही झाल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. गोळ्यात एक उदबत्तीची काडी खोचली आणि म्हटलं, ढकल. काडी वाकली, कणकेला काही झालं नाही. मग काडी काढून लाटणं खोचलं. म्हटलं, आता ढकल. लाटणं जसंच्या तसं राहिलं आणि कणीक फाटून मोठं भोक पडलं. चेतना हळूच म्हणाली, ‘ओह.’ सुशांत कणकेकडे बघत राहिला. हा मुलगा मूर्ख नाही, अनिरुद्ध. त्याला फक्त कुणी शिकवलं नाही. ज्याला शिकवायचं होतं त्यालाच येत नव्हतं.

म्हणाला, ‘मग आता काय करू? सोमवारी समिती आहे.’

‘जुन्या खांबांना हात लावायचा नाही. नव्या लेनना नवे खांब, नवे पाइल.’

‘ते एवढ्या टेंडरमध्ये बसणार नाही, मावशी. काम जाईल. आमची वाट लागेल.’

‘काम गेलंच आहे. समितीला मी समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच सगळं लिहून कळवलं. तुझ्या बाबांना पत्र लिहिण्याच्या आधी. पायथा, पाइल, आकडेमोड, सगळं. डिसेंबरातच त्यांचं उत्तर आलं, हरकत मान्य.’

त्याला समजायला वेळ लागला. मग म्हणाला, ‘म्हणजे मी आज लिहून दिलं नसतं तरी काही फरक पडला नसता?’

‘पुलाला? काहीच नाही.’

‘मग माझ्याकडून का लिहून घेतलंत?’

‘कारण तू देणार होतास.’

तेव्हा राधा, मी लोकांच्या जिवाशी खेळले असं तुला वाटत असेल तर झोप खराब करू नकोस. माझ्या गप्प बसण्यानं तो पूल एक दिवसही धोक्यात नव्हता. मी गप्प बसलेच नव्हते. फक्त तुमच्या घरापुरती बसले होते.

सुशांतच्या कागदाचा फोटो मी आपल्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलाय. सगळ्यांनी बघितलाय. अजून कुणी काही लिहिलं नाही. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, तेही काढून टाकलं. तुझ्या समारंभाच्या फोटोंखाली मात्र अजून फुलं येतायत.

संघमित्रा


मुलुंड पूर्व
३० जानेवारी २०२५

राधा,

या वेळी पत्र तुला आहे. तू फोनवर विचारलंस, मी रविवारी येऊन गेल्यापासून तो जेवत का नाही, आणि तू पेपर वाचायला घेतलास की भिंतीकडे तोंड का करतो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

समितीपुढे सुशांतची नाचक्की झाल्यावर तू मला फोन केलास आणि ओरडलीस, ‘तू कुणाला छळत होतीस ते तुला माहीत तरी आहे का? तुझं एकही पत्र मी त्यांना वाचलेलं नाही.’ मग तू मला सांगितलंस, काय वाचत होतीस ते. मित्रा लिहिते, तब्येतीला जप. मित्रा लिहिते, साकीनाक्याचे दिवस आठवतात, तुम्ही होतात म्हणून मी शिकले. मित्रा लिहिते, माझ्या मनात काही राहिलेलं नाही. तो ते ऐकून हसायचा, म्हणालीस. पत्र उशीखाली ठेवायचा. पोस्टमनची वाट बघायचा.

मी फोनवर काही बोलले नाही. तू पहिल्यांदाच मला गप्प ऐकलंस, आणि तुला वाटलं मी विरघळले. मी म्हटलं, भेटायला येते. तू म्हणालीस, ‘ये. तेवढं तरी कर.’

मला तेव्हा फक्त एवढंच कळलं होतं की माझं नाव सुशांतनं लिहून दिलं, समितीला कळलं, अख्ख्या बॅचला कळलं, आणि ज्या एका माणसानं ब्लेड चालवलं होतं त्याला ठाऊकच नाही. तो तिथं बोरिवलीत गादीवर बसून माझी माफी चघळतोय. जी मी दिलेली नाही.

मी आले तेव्हा त्याचा अर्धा चेहरा हसला. चांगला हात पुढे केला, मी तो धरला. तुझे डोळे भरले आणि तू शहाण्यासारखी म्हणालीस, ‘तुम्ही बसा, मी साबुदाणा टाकते.’ दार ओढून घेतलंस.

माझ्या पर्समध्ये काही नव्हतं, राधा. मी तोंडानंच सांगणार होते. पण त्यानंच उशीखालून पत्रं काढली. रबर लावलेली, चारही. माझ्या मांडीवर ठेवली आणि बोटानं दाखवलं, वाच. माझ्या आवाजात ऐकायची होती त्याला.

मलाही तुझ्यासारखं रचता आलं असतं. आपल्या दोघींत मराठी मला जास्त चांगलं येतं. मी पहिलं पत्र उघडलं आणि जे लिहिलं होतं ते वाचलं. आम्हाला शाळेत सिस्टर ॲग्नेस वाचायला शिकवायच्या; वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा नाही, स्वल्पविरामाला थांबायचं, समोरच्याकडे बघायचं. मी तसंच वाचलं. पहिल्या पत्राला त्याला वाटलं मी गंमत करतेय. दुसऱ्याच्या मध्यावर त्यानं हात काढून घेतला. तिसऱ्याला ब्लेडची गोष्ट आली. तिथं त्याच्या तोंडून त्याचा तो शब्द निघाला, आणि मी वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो ‘बरोबर’ आत काय आहे ते कळल्यावर म्हणाला होता. खोटं कशाला सांगू, तेवढ्यावर मी उठून गेले असते तरी चाललं असतं.

पण चौथं राहिलं होतं.

ते संपलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बंद दाराकडे बघत होता. आत तू भांडी वाजवत होतीस, काहीतरी गुणगुणत होतीस. बशी घेऊन बाहेर आलीस आणि म्हणालीस, ‘काय, पोटभर गप्पा झाल्या ना?’ त्यानं तुझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती तुला थकव्याची वाटली. तू त्याला झोपवायला गेलीस. त्यानं तुझा हात झटकला, तेही तुला थकव्याचंच वाटलं.

मी साबुदाण्याची खिचडी संपवली. चांगली झाली होती.

माझ्यावर तो रागावलेला नाही, मला त्यानं आधीपासून ओळखलेलं आहे. तू त्याला काय काय वाचून दाखवलं असशील, याचा हिशेब तो त्या भिंतीकडे तोंड करून करतोय. डॉक्टरांचे रिपोर्ट. बँकेची पत्रं. मुलाचे मेसेज. सगळं तुझ्याच तोंडून आलेलं.

हे पत्र त्याला वाचून दाखव, राधा. मी मुळीच नको म्हणणार नाही. एक शब्द न गाळता दाखव. तो ऐकून घेईल, आणि त्याला वाटेल, हेही तूच रचलंस.

संघमित्रा